कागदाच्या मागची ओळ

९ फेब्रुवारी, बुधवार

आज माझ्या बुधवारच्या चहाला पहिला माणूस आला. तीन आठवडे मी पुढच्या खोलीत पाणी उकळत ठेवून बसत होते आणि आतून सासूबाई दर अर्ध्या तासाने विचारत होत्या, "आलं का कोणी मरायला?"

त्यांचं म्हणणं असं की अंत्यसंस्कार करणाऱ्या आम्हा कुसाकांच्या घरी साठ वर्षं माणसं मेल्यावरच येतात आणि तेच बरं आहे. जिवंत माणसाला बोलावून तुम्हाला शवपेटी कुठली हवी, फुलं कुठली हवीत असं विचारणं म्हणजे अपशकुन. मी म्हटलं, "अहो आई, हल्ली मोठ्या शहरांत सगळे आपली तयारी आपणच करून ठेवतात. मागे राहणाऱ्यांना त्रास नको म्हणून."

"मग शहरात जाऊन बस," म्हणाल्या. हे बाहेर शववाहिका पुसत होते. घरात असं काही सुरू झालं की ह्यांना शववाहिका मळलेली दिसते.

आलेले गृहस्थ कुदोसान. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बंदरामागच्या गल्लीत एकटे राहतात. सगळं आयुष्य जहाजांच्या इंजिनांत गेलं. मूळचे पार उत्तरेचे, त्सुगारूचे. चाळीस वर्षं आमच्या दक्षिणेत काढली तरी बोलणं तिकडचंच, निम्मं गिळलेलं. बायको अडतीस वर्षांपूर्वी गावीच वारली. मुलगी चिसातो, तिला कुदोसानच्या थोरल्या बहिणीने वाढवलं, किनुआत्याने. कुदोसानच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. त्या तीन बोटांत चहाचा पेला इतका घट्ट धरतात की बघणाऱ्याला आपलीच दहा बोटं जास्त वाटावीत.

मी छापील फॉर्म काढला. त्यावर तेरा ओळी आहेत, तेराही भरल्या. पांढरी शेवंती नको, सफरचंदाची फांदी हवी. फोटो टोपी घातलेलाच. पेटी लांब, कारण "मला आयुष्यभर आखूड बिछान्यात झोपवलंय." वस्ती मंडळाच्या हायाशींना बोलायला उभं करायचं नाही, ते खाली बसत नाहीत. असं सगळं. मी हसत होते आणि लिहीत होते, इतकं छान चाललं होतं.

निघताना दाराशी बूट घालता घालता ते थांबले. "इथल्या एका मित्राच्या वेळी स्मशानात गेलो होतो," म्हणाले. "तुम्ही लोक अर्धा माणूस टाकून येता."

मी सांगितलं, आमच्याकडे रीतच आहे तशी. पायापासून वर थोडी थोडी हाडं घ्यायची, शेवटी घशाचं आणि कवटीचं. घशाचं हाड आलं की माणूस पूर्ण आला असं धरतात. बाकीचं तिथेच मागच्या चौथऱ्याखाली ठेवतात, भिक्षू येऊन मंत्र म्हणतात, कोणी उघड्यावर टाकत नाही.

"ते तुमचं झालं. माझं झाडून सगळं घ्यायचं. दोन बोटं मी आधीच समुद्रात सोडलीत, त्यात आणखी भर नको. बायकोला सांगून निघालो होतो, येईन तर अख्खा येईन. दोन बोटांचं काय झालं ते मी तिला तिथे गेल्यावर समजावीन."

फॉर्मवर ओळ उरली नव्हती. मी कागद उलटला आणि मागे लिहिलं: सगळ्या अस्थी. मोठा कलश. त्यांनी बूट घातलेल्या पायांनी उंबऱ्यात उभं राहून त्याखालीही आपला सहीचा शिक्का मारला.

मला आज फार बरं वाटतंय. सासूबाईंना दाखवायला हवं होतं.

१६ मार्च

कुदोसान आता दर बुधवारी येतात. फॉर्मसाठी नाही, चहासाठी. आज पुढच्या खोलीचं अडकणारं सरकतं दार त्यांनी काढून, घासून, मेण लावून परत बसवलं. सासूबाई तेवढ्यापुरत्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मरायच्या आधी येण्याचा हा एक फायदा आहे."

जाताना कुदोसाननी विचारलं, "कागद नीट आहे ना?" मी कपाटातली फाइल दाखवली. "मागची बाजू?" "मागची पण." मान हलवून गेले. म्हाताऱ्या माणसांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची सवय असते.

११ एप्रिल

कुदोसान आज पहाटे गेले. आदल्या संध्याकाळी इस्पितळात नेलं होतं, हृदय. चिसातोसान उत्तरेहून निघाल्या आहेत, पोचायला संध्याकाळ होईल. फोनवर रडत नव्हत्या, फक्त सारखं विचारत होत्या, "मला काय काय करावं लागेल?" मी म्हटलं, "काही नाही. तुमच्या वडिलांनी सगळं ठरवून ठेवलंय आणि ते सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. तुम्ही फक्त या."

हे वाक्य म्हणताना मला अभिमान वाटला. असं वाक्य म्हणता यावं म्हणून तर मी हा खटाटोप सुरू केला.

१२ एप्रिल

आज रात्री कुदोसानजवळचं जागरण. सफरचंदाची फांदी थेट त्सुगारूहून मागवली, कळ्या नुकत्या फुगल्यात. टोपीचा फोटो मोठा करून आणला. स्थानिक वर्तमानपत्राच्या बाई आल्या होत्या, त्यांना ही कल्पना फार आवडली. म्हणाल्या, यावर लिहीन. फॉर्मची झेरॉक्स काढून मी किमोनोच्या पट्ट्याच्या, ओबीच्या घडीत ठेवली होती आणि एकेक झालं की पेन्सिलीने खूण करत होते. पेटी, कलश, धूप, गाड्या हे सगळं सासूबाईंनी नेहमीच्या यादीने मागवलं. त्यांची यादी त्यांच्या डोक्यात असते आणि साठ वर्षांत बदललेली नाही.

हायाशी दोनदा उठून उभे राहिले. ह्यांनी दोन्ही वेळा त्यांना चहा दिला.

१३ एप्रिल

सगळं छान पार पडलं. चिसातोसाननी जाताना दोन्ही हातांनी माझा हात धरला. स्मशानात अस्थी उचलायला घरचं दुसरं कोणी नव्हतं, किनुआत्या नव्वदीच्या, त्यांना प्रवास झेपणारा नव्हता. म्हणून दुसऱ्या काड्या मी धरल्या. एक हाड दोघींनी मिळून काड्यांनी उचलायचं आणि कलशात ठेवायचं, पायापासून वर. कलश भरल्यावर त्यांनी टेबलावर उरलेल्याकडे बघून विचारलं, तेव्हा मी इथली रीत समजावून सांगितली. त्यांना पटलं.

वर्तमानपत्राच्या बाई म्हणाल्या, मृत्यूनंतरही वडिलांचा शब्द पाळला गेला. तेराच्या तेरा खुणा. फार दमले आहे.

१४ एप्रिल

आज तोमोबिकी. या दिवशी दहन केलं तर गेलेला माणूस आणखी कुणाला सोबत ओढून नेतो म्हणतात, त्यामुळे स्मशान बंद. आम्हालाही सुट्टी.

चिसातोसान सकाळच्या गाडीने गेल्या. स्टेशनवर मीच पोचवलं. पांढऱ्या फडक्यात बांधलेला कलश त्यांनी पूर्ण वेळ छातीशी धरला होता. म्हणाल्या, "बाबा एवढे उंच, आणि किती हलके झाले." मी म्हटलं, सगळ्यांना तसंच वाटतं.

दुपारी फाइल लावताना कागद उलटला. मागे माझ्याच अक्षरात ती ओळ.

झेरॉक्स पुढच्या बाजूचीच काढली होती. आणि कलश सासूबाईंनी नेहमीचा लहानच मागवला. माणूस निदान एकदा विचारतो, की तुझ्या त्या फॉर्मवर वेगळं काही आहे का. पण नाही, माझ्या फॉर्मला त्या हातही लावणार नाहीत. मी तसं बोलूनही दाखवलं, नक्की कशाबद्दल ते न सांगता. सासूबाई खारवायचे मुळे निवडत होत्या. म्हणाल्या, "काय झालंय?" मी म्हटलं, काही नाही.

आज स्मशान बंद आहे, फोन करून उपयोग नाही. उद्या बघू. दुपारभर मी मुळे खारवले. चाळीस मुळे, इतके कुणी खाणार नाही.

१५ एप्रिल

सकाळी दुसरं एक घर आलं, त्यामुळे स्मशानात जायला दुपार झाली. तिथे हाझामा असतो, तेवीस वर्षं भट्टी तोच सांभाळतो. बोलका माणूस आहे, गेल्या गेल्या मुलीच्या लग्नाचं सुरू केलं. मी मध्येच विचारलं, परवाच्या कुदोसानचं उरलेलं कुठे आहे.

"आज सकाळी चौथऱ्याखाली ओतलं. का?"

मी म्हटलं, सहज.

त्याने हातमोजे काढले. मग म्हणाला, "त्या दिवशीच्या तिघांचं होतं. सुट्टी मध्ये आली म्हणून कालचा अख्खा दिवस तीन डबे नाव लावून फळीवर होते. हवं होतं तर काल सांगायचं ना, वहिनी. माझ्या घरचा नंबर तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आहे."

आहे. मुळे खारवायच्या फळीच्या बरोबर वर.

२८ एप्रिल

चिसातोसानचा फोन आला. आवाज ऐकला आणि मी आतलं दार लोटून घेतलं. इतके दिवस काही आलं नाही तेव्हा मी मनाला सांगत होते की त्यांना कधी कळणारच नाही, आणि न कळलेल्या गोष्टीचं दुःख कुणाला होत नाही.

किनुआत्या ऐकत नाहीत. कलश हातात घेऊन म्हणाल्या, हा माझा भाऊ नाही, हा त्याचा पाय आहे. चिसातोसाननी सांगितलं, तिकडे रीतच तशी आहे आणि बाबांनी स्वतः तसं ठरवलं होतं. आत्या म्हणाल्या, माझा भाऊ मात्सुओ असं कधी म्हणणार नाही, मला कागद दाखव.

"म्हणून त्रास देते आहे," चिसातोसान म्हणाल्या. "बाबांचा तो फॉर्म पाठवाल का? एकोणपन्नासाव्या दिवशी थडगं उघडायचंय. आमच्याकडे कलशासकट पुरत नाहीत, अस्थी मोकळ्या करून मातीत सोडतात, आईच्या शेजारी. त्याआधी आत्याला दाखवला की तिचं समाधान होईल. त्यावर बाबांचा शिक्का आहे ना?"

मी म्हटलं, आहे. पाठवते.

१ मे

फॉर्म अजून पाठवलेला नाही. आज पुढच्या बाजूची एक स्वच्छ झेरॉक्स काढली, पाकिटात घातली, पत्ता लिहिला. खोटं काहीच नाही त्यात. तेरा ओळी आणि शिक्का. त्यांनी फॉर्म मागितला होता, फॉर्म छापलेल्या बाजूलाच असतो.

टपाल कचेरीपर्यंत गेले. रांगेत माझ्यापुढे एकच माणूस होता. परत आले.

२ मे

या वहीत मी खोटं लिहून ठेवलं आहे. ही वही कोणी वाचत नाही, तरीही. ते आधी खोडायला हवं.

मला ती ओळ चौदा तारखेला कागद उलटल्यावर आठवली नाही. तेरा तारखेलाच आठवली, स्मशानात, टेबलापाशी. पायाची हाडं झाली, गुडघे झाले, आणि मग पुढे उजव्या हाताची हाडं दिसली. तिकडे दोन बोटांची जागा रिकामी. काड्या हातात असताना मला त्यांचा पूर्ण आवाज आठवला, बूट घालतानाचा. समोर लहान कलश होता. मोठे, सात इंची कलश आमच्या गोदामात खुर्च्यांच्या मागे दोन पडलेले आहेत. गाडीने बारा मिनिटं जायला, बारा यायला. मी फक्त म्हणायचं होतं, "जरा थांबा, माझ्याकडून चूक झाली."

पण दाराशी वर्तमानपत्राच्या बाई उभ्या होत्या. सासूबाई समोर होत्या. त्यांच्यासमोर माझ्या फॉर्मचीच चूक मला कबूल करावी लागली असती. म्हणून मी हाताची हाडं तशीच सोडून पुढचं हाड उचललं.

आणि आणखी एक. चिसातोसाननी टेबलावर उरलेल्याकडे बघून मला रीत विचारली नव्हती. त्यांनी विचारलं होतं, "बाबांनी तुम्हाला असंच सांगितलं होतं ना?" मी मान हलवली होती. हो अशी.

५ मे

दुपारी पुढच्या खोलीत बसले होते. बुधवार नव्हता, चहाही नव्हता. सासूबाई आल्या, दार सरकवलं. हल्ली ते दार एका बोटाने सरकतं. माझ्यासमोर, येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या बसायच्या उशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काढ तुझा फॉर्म. माझं लिहून घे."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, येणारे बसतात तशा. मी लिहायला घेतलं. पेटी साधी. फुलं हवी ती घाला, मला काय दिसणार आहे. फोटो पन्नाशीतला, आताचा नको. मग म्हणाल्या, "कलश लहान. गुडघे तिथेच ठेवा. चाळीस वर्षं दुखताहेत, पुढे कशाला न्यायचे?"

मी हसले आणि तिथेच रडू आलं. सगळं सांगितलं. मागची ओळ, चाळीस मुळे, हाझामा, फोन. सांगताना म्हटलं, "दुसऱ्या दिवशी कागद उलटला तेव्हा लक्षात आलं."

सासूबाईंनी ऐकून घेतलं. "मला वाटलं होतं तू मला शिव्या देशील, कलश मी मागवला म्हणून," म्हणाल्या. "दे, हक्क आहे. मी विचारायला हवं होतं." मग उठताना, गुडघ्यांवर हात टेकून, "पण हिसानो, टेबलापाशी तुझा हात थांबला होता. मी समोरच होते."

मी पेनाला टोपण लावलं.

"मीही बोलले नाही," म्हणाल्या. "मला वाटलं, बघू ही काय करते." आणि आत गेल्या.

६ मे

मूळ फॉर्म पाठवला. मूळच, दोन्ही बाजूंचा, दोन्ही शिक्के. सोबत पत्र लिहिलं, चार वेळा फाडून पाचव्यांदा. तुमच्या वडिलांनी सगळ्या अस्थी मागितल्या होत्या, कागदाच्या मागे आहे ते बघा, चूक पूर्णपणे माझी आहे, बाकीच्या अस्थी आता वेगळ्या काढता येत नाहीत. गुडघे टेकून माफी मागते.

पत्रात असं लिहिलं आहे की त्या दिवशीच्या धावपळीत माझ्या लक्षातून गेलं. टपालपेटीत पाकीट टाकल्यावर हात हलका वाटला. घरी येईपर्यंतच.

१० मे

चिसातोसानचा फोन. मी उभी राहूनच घेतला.

मागे कुठेतरी टीव्ही चालू होता, बहुधा आत्या बघत असाव्यात. त्यांनी विचारलं, "उजवा हात कलशात आहे का?"

"नाही. हात घेतले नव्हते."

"म्हणजे ती तीन बोटं तिकडेच आहेत."

"हो."

"लहानपणी सुट्टीवर आले की बाबा त्या तीन बोटांनी माझी वेणी घालायचे," म्हणाल्या. "तिरकी यायची. आत्या परत सोडून घालायची." मग जरा खालच्या आवाजात, "मी तुम्हाला तिथे विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात. तेव्हा तुम्हाला आठवलं नसेल ना?"

त्या मला सुटण्यासाठी दार उघडून देत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि उत्तर नाही यावं असंही त्यांना वाटत होतं. ते मला ऐकू येत होतं.

"नाही," मी म्हटलं. "नव्हतं आठवलं."

"हं. एवढ्या गडबडीत कुणाच्याही हातून होतं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. जेवताना त्यांनी मला वाढलं नाही. मी माझं वाढून घेतलं.

२५ मे

वर्तमानपत्रात आलं. अर्धं पान, माझा फोटो, मागे सफरचंदाची फांदी. वडिलांचा शब्द. लोकांचे फोन येताहेत, बुधवारपर्यंत थांबायला तयार नाहीत, रविवारीच सहा जण येणार म्हणाले. ह्यांनी कात्रण काढून काचेखाली ठेवलं. मी ते काढलं. ह्यांनी विचारलं, का गं, चांगलं आलंय की. मी म्हटलं, फोटोत जाड दिसतेय.

२९ मे

आज एकोणपन्नासावा दिवस. तिकडे थडगं उघडलं असेल. इथे पाऊस नाही, वारा नाही, साधा दिवस. कुदोसान बसायचे त्या उशीपुढे चहाचा पेला ठेवला. सहा जण आले होते. मी सगळ्यांचे फॉर्म भरले आणि प्रत्येकाला दोन्ही बाजू मोठ्याने वाचून दाखवल्या, मागे काही लिहिलं नसलं तरी. एका बाईंनी विचारलं, कोऱ्या बाजूला काय वाचताय? मी म्हटलं, सवय आहे.

४ जून

त्सुगारूहून खोकं आलं. आत वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेली लोणच्याची जुनी काचेची बरणी, लाल झाकणाची. बरणीत काळी माती. वर चिठ्ठी, चिसातोसानच्या अक्षरात. ती इथे चिकटवते आहे, म्हणजे मला टाळता येणार नाही.

"थडगं उघडल्यावर बाबांना आईशेजारी सोडलं. आईच्या अस्थींची एव्हाना मातीच झाली होती. आत्या म्हणाली, बाकीचा मात्सुओ तिकडे एकटा पडलाय आणि तो इकडे येऊ शकत नाही, तर हिला तिकडे पाठवू. ही आईच्या जागची माती आहे. बाबांची बाकी जिथे आहे तिथे घाला. आमचं तिकडे दुसरं कोणी नाही म्हणून तुम्हालाच सांगते आहे. आईला गाडी लागायची, आत्या म्हणते बरणी मांडीवर धरून न्या. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हे मला माहीत आहे. आत्यालाही तेच सांगितलं, म्हणून तिचा राग गेला. बरणी तिची आहे, परत पाठवा."

मी चिठ्ठी तीनदा वाचली. चौथ्यांदा सासूबाईंनी मागितली. वाचून त्यांनी ती घडी करून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "माफ केलंय त्यांनी."

"मला नाही," मी म्हटलं. "जिला आठवलं नव्हतं, तिला."

हे पहिल्यांदा मी कुणासमोर बोलले. सासूबाईंनी मान हलवली. मग माझ्यासाठी चहा ओतला.

५ जून

ह्यांना म्हटलं, शववाहिका नको, छोटी गाडी काढा आणि हळू चालवा. बरणी मांडीवर घेतली. वळणांवर दोन्ही हातांनी धरली. हे एकदा म्हणाले, "झाकण घट्ट आहे की." मी म्हटलं, त्यासाठी नाही.

हाझामाने चौथऱ्याचं झाकण उचलून दिलं. "कोण?" त्याने विचारलं.

"कुदोसानच्या पत्नी. उत्तरेहून आल्यात."

"एवढ्या लांबून?" म्हणाला, आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला.

मी माती हातानेच घातली, मूठ मूठ करून. आत करडं, पांढरं, सगळ्यांचं मिळून. त्यात तीन बोटं कुठली ते कोणीच सांगू शकणार नाही. मी म्हटलं, "कुदोसान, तुम्ही बुधवारी विचारायचात ना, मागची बाजू नीट आहे का. ती नीट होती. टेबलापाशी मला आठवलं होतं." मोठ्याने म्हटलं, हाझामाला ऐकू जाईल इतकं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग झाकण परत बसवलं.

घरी येऊन बरणी टेबलावर ठेवली. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. सासूबाईंनी विचारलं, मुळे घालू का, चाळीस आहेत. मी नको म्हटलं. त्या बरणीत घालता येईल असं काही माझ्या घरात नाही.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीचं तिकीट काढलं आहे, चिसातोसान गेल्या होत्या तीच गाडी. फोन केलेला नाही. फोनवर मला पुन्हा 'नव्हतं आठवलं' असं म्हणता येईल. बरणी धुतली, पुसली, फडक्यात बांधली. रिकामीच नेते आहे.